शिरस्त्राणाखालचा लयकार

न्यूयॉर्कच्या सहाव्या ॲव्हेन्यूवर, ५३ आणि ५४ क्रमांकांच्या रस्त्यांच्या आसपास, १९६० च्या दशकात एक उंचापुरा, दाढीधारी, दृष्टिहीन माणूस तासन्‌तास उभा असे. अंगात जाडाभरडा घरी शिवलेला झगा, डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण आणि हातात भाला, असा त्याचा अवतार होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो आपल्या कविता आणि आपल्या रचनांच्या स्वरलिपीची छापील पाने विकत असे, मनात आले तर वाजवीत असे, आणि पुष्कळदा नुसताच उभा राहत असे. लोक त्याला ‘सहाव्या ॲव्हेन्यूचा व्हायकिंग’ म्हणत. त्याने स्वतः घेतलेले नाव मूनडॉग. जन्मनाव लुई थॉमस हार्डिन. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जे नवे संगीत घडले, त्याच्या जडणघडणीत या फुटपाथवरच्या माणसाचा वाटा होता, हे आता जाणकार मंडळी मोकळेपणाने मान्य करतात.

मी बेळगावात तबला शिकवतो आणि पाश्चात्त्य संगीताशी माझा संबंध श्रोत्याचा आहे. तरीही मूनडॉगविषयी लिहावेसे वाटले, याचे कारण असे की त्याच्याबद्दल जे काही वाचायला मिळते, त्यातले निम्मे त्या शिरस्त्राणाविषयी असते आणि उरलेल्यातले बरेचसे कोणकोण नामवंत त्याच्यापाशी थांबले याविषयी असते. त्याच्या लयीकडे फार थोडे लोक नीट पाहतात. रूपक आणि झपताल या तालांत वाढलेल्या कानाला मात्र त्याच्या संगीतातली सर्वांत आधी जाणवणारी गोष्ट तीच आहे, आणि माझ्या मते त्याचा जो प्रभाव टिकला तोही वेषामुळे टिकलेला नाही. तो लयीमुळे आणि तिच्याभोवती त्याने पाळलेल्या कडक शिस्तीमुळे टिकला.

त्या शिरस्त्राणाचे एकदा सांगून टाकतो. ऐतिहासिक व्हायकिंग लोक शिंगांची शिरस्त्राणे घालत नव्हते. ती शिंगे एकोणिसाव्या शतकात जर्मन संगीतनाटकांच्या वेषभूषेने लोकांच्या मनात रुजवली. म्हणजे हा माणूस ज्या पोशाखात रस्त्यावर उभा होता तो इतिहासातून आलेला नव्हता, तो रंगमंचावरून उतरलेला होता. आधीच्या काळात दाढी आणि झग्यामुळे लोक त्याला येशू ख्रिस्तासारखा दिसतोस असे म्हणत, ते त्याला रुचत नव्हते, आणि म्हणून त्याने उत्तर युरोपातील जुन्या देवदेवतांचा मार्ग धरला, असे त्याच्या चरित्रात येते. संगीताच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व एवढेच की लोक थांबत आणि पाहत. ऐकणारे त्यांतले थोडे असत.

हार्डिनचा जन्म २६ मे १९१६ रोजी कॅन्सस राज्यातील मेरिसव्हिल येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब वायोमिंगमध्ये गेले आणि तेथे वडिलांनी लहानग्या लुईला अरापाहो या मूलनिवासी जमातीच्या सूर्यनृत्याच्या सोहळ्याला नेले. जमातीचे प्रमुख यलो काफ यांच्या मांडीवर बसून त्याने रानरेड्याच्या कातड्याचा ढोल वाजवला. ही आठवण तो आयुष्यभर सांगत राहिला. सोळाव्या वर्षी, १९३२ मध्ये, मिसूरीतील हर्ली गावी सुरुंगाची टोपी हातात फुटली आणि त्याची दृष्टी कायमची गेली. त्यानंतर बहीण त्याला रोज पुस्तके वाचून दाखवी, आणि त्यांतल्याच संगीतविषयक एका कादंबरीने आपण संगीतकार व्हायचे असे त्याच्या मनाने घेतले. आयोवातील अंधशाळेत तो ब्रेल स्वरलिपी शिकला. १९४३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, कार्नेगी हॉलच्या आसपास घुटमळू लागला, आणि संचालक आर्टुर रोजिन्स्की यांच्या सौजन्याने त्याला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या तालमींना बसण्याची मुभा मिळाली. १९४७ मध्ये त्याने मूनडॉग हे नाव घेतले. हर्लीतला त्याचा कुत्रा चंद्राकडे पाहून जो गळा काढी, त्याच्या आठवणीने घेतलेले हे नाव.

त्या ढोलाकडे परत येतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे सगळे तिथून सुरू होते. फिलहार्मोनिकच्या तालमीत बसून त्याने युरोपचे प्रतिस्वरशास्त्र, म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवण्याची विद्या, कानांत भरून घेतले, पण हातात मात्र तो ढोल राहिला. युरोपीय परंपरेतील संगीतकाराच्या मनात लय ही बहुधा सुरावटीची सेवक असते. या माणसाच्या रचनेत ठेका आधी येतो आणि स्वर त्याच्यावर येऊन बसतात. आपल्या सीमाभागात हे समजावून सांगावे लागत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेला गेलेल्या कोणीही जोगत्याचे चौंडके ऐकलेले असते. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला कातडे, कातड्याच्या मध्यातून निघालेली तंत, आणि तंतीच्या टोकाला मुठीत धरायचा लाकडी गट्टू. नळकांडे डाव्या काखेत दाबायचे, डाव्या मुठीने तंत ताणायची आणि उजव्या हाताने छेडायची. ताण वाढला की स्वर वर चढतो, सैल सोडला की खाली घसरतो, म्हणजे तालवाद्य आणि स्वरवाद्य हा भेदच तिथे उरत नाही. ‘उदो उदो’च्या गजरात, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीत, ते वाद्य आपल्या आवाजाने लांबून वेगळे कळते. जोगती गाताना ओळ लांबली तर ठेका तुटू देत नाही आणि ठेक्यासाठी ओळही कापत नाही. तो तंतीवरच्या एखाद्या हिसक्याने दोन्ही सांभाळून घेतो. मूनडॉगच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला न्यूयॉर्कपेक्षा हे वाद्य अधिक आठवते.

त्यानेही आपली वाद्ये स्वतःच घडवली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ‘ट्रिंबा’: त्रिकोणी आकाराच्या लाकडी खोक्यांसारखे ढोल, सोबत एक झांज. एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात लाकडी दांडी घेऊन तो ते वाजवी. त्यामुळे प्रत्येक आघाताला एक बारीक खळखळ चिकटलेली असते आणि मात्रांमधली रिकामी जागा सुद्धा मोजलेली ऐकू येते. तबल्यावर हे काम आपण डाव्याच्या घिस्स्याने आणि अर्धवट दाबलेल्या बोलांनी करतो. त्याच्या शिष्यांपैकी स्वीडनचे स्टेफान लाकाटोश यांनी ट्रिंबा त्याच्याकडून शिकून पुढे चालवले, हे एक बरे झाले, नाहीतर अशी वाद्ये करणाऱ्याबरोबरच संपतात.

आता मात्रांविषयी. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत चार मात्रांच्या घरात राहते, फार तर तीनच्या. मूनडॉगला पाच आणि सात मात्रांची ओढ होती. या वळणाच्या लयीला त्याने सर्पाच्या सरपटण्यावरून नाव दिले होते, आणि चार मात्रांत मरण्याची आपली इच्छा नाही अशा अर्थाचे त्याचे एक बोलणे प्रसिद्ध आहे. अमेरिकन समीक्षक या विषम मात्रांचे वर्णन करताना ‘अडखळणारी’, ‘चमत्कारिक’ अशी विशेषणे वापरतात तेव्हा मला हसू येते. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ हा सात मात्रांचा रूपक आमच्याकडे आठ-नऊ वर्षांची मुले हातावर टाळी-खाली दाखवीत म्हणतात. झपतालाचे दहा मात्रांचे आवर्तन दोन-तीन-दोन-तीन असे मोडले की त्याचा अर्धा भाग म्हणजे मूनडॉगच्या पाच मात्रा. बेळगावच्या उत्तरेला आणि पश्चिमेला हिंदुस्थानी ताल, दक्षिणेला गेलो की कर्नाटकी पद्धतीतले खंड चापू आणि मिश्र चापू, म्हणजे पुन्हा पाच आणि सातच. आमच्या कानाला यात अडखळणे काहीच नाही. अडखळतो तो चारचा हिशेब डोक्यात धरून ऐकणारा.

मात्र एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्या आवर्तनाला सम, म्हणजे पहिली मात्रा, असते आणि सगळा डोलारा तिच्याकडे धावत असतो. मूनडॉगच्या आवर्तनात समेचे ते ओझे नसते; ते चक्र फिरत राहते आणि त्याच्यावर एकेक स्वरवाद्य येऊन बसते व उठून जाते. एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणारी तिहाई घेऊन टाळी मिळवावी असा प्रसंगच तो निर्माण करीत नाही. सुरुवातीला मला ते अपुरे वाटत असे. सवय झाल्यावर लक्षात येते की त्याला आपले कौशल्य दाखवायचे नाही, त्याला ते चक्र ऐकवायचे आहे.

१९५० च्या दशकात टोनी श्वार्ट्झ या ध्वनिसंग्राहकाने त्याला रस्त्यावर ध्वनिमुद्रित केले. पुढे प्रेस्टीज कंपनीने १९५६ आणि १९५७ मध्ये त्याच्या तबकड्या काढल्या. त्यांत रहदारी आहे, तान्ह्या मुलाचे रडणे आहे, आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ या अजस्र जहाजाच्या भोंग्याबरोबर बांबूच्या पाव्याची जुगलबंदीसुद्धा आहे. आज शहराचे आवाज गाण्यात मिसळणे ही संगणकावरची मामुली कृती झाली आहे; तेव्हा ती कल्पना विरळा होती. १९५७ च्या तबकडीचे मुखपृष्ठ चित्रकार अँडी वॉरहॉलने केले आणि त्यावरची अक्षरे त्याच्या आईच्या हस्ताक्षरात आहेत. त्याच सुमारास ज्यूली अँड्र्यूजने गायलेल्या बालगीतांच्या एका तबकडीला संगीतही मूनडॉगचेच होते. तेव्हा ‘कोणी दखल न घेतलेला कलावंत’ ही जी प्रतिमा त्याच्याभोवती विणली जाते, ती तितकीशी खरी नाही.

कोर्टातली गोष्ट तर भलतीच आहे. क्लीव्हलँडच्या रेडिओवर ॲलन फ्रीड हा निवेदक १९५१ पासून ‘मूनडॉग हाउस’ नावाचा कार्यक्रम करीत असे आणि त्यात आपल्या या मूनडॉगची एक ध्वनिमुद्रिका, परवानगी न घेता, शीर्षकसंगीत म्हणून वाजवीत असे. मार्च १९५२ मध्ये त्याच नावाने त्याने भरवलेला मेळावा हा पहिला रॉक मैफलीचा सोहळा मानला जातो. फ्रीड १९५४ मध्ये न्यूयॉर्कला आला तेव्हा फुटपाथवरच्या मूनडॉगने त्याच्यावर दावा लावला आणि जिंकला. मूनडॉग हा खराखुरा संगीतकार आहे असे सांगायला जॅझवादक बेनी गुडमन आणि वाद्यवृंदसंचालक टोस्कानीनी यांच्यासारखी माणसे पुढे आली, असे सांगितले जाते. फ्रीडला ते नाव सोडावे लागले, आणि त्याने कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात ‘रॉक अँड रोल’ हे शब्द घातले. शब्द आधीपासून चलनात होते आणि फ्रीड ते वापरतही होता. पण ते एका मोठ्या शहराच्या रेडिओवरच्या पाटीवर चढले त्यामागे एका अंध रस्त्यावरच्या वादकाचा कोर्टातला हट्ट होता.

मूनडॉगची सर्वांत जास्त ऐकली गेलेली रचना म्हणजे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या स्मरणार्थ केलेला ‘बर्ड्स लमेंट’ हा विलाप. पार्कर १९५५ मध्ये वारला. जॅझच्या त्या भागात वावरताना तो मूनडॉगपाशी थांबून बोलत असे, एकत्र काही करण्याचीही बोलणी झाली होती. रचना जेमतेम दोन मिनिटांची आहे. खाली एक लहानशी मंद्र स्वरांची ओळ सारखी फिरत राहते आणि तिच्यावर सॅक्सोफोन आपले म्हणणे मांडतो. या बांधणीला युरोपात शॅकोन म्हणतात. ती तीन-चारशे वर्षे जुनी आहे. तबलावादकाला ती चटकन कळते, कारण आपला लेहरा हाच आहे. हार्मोनियमवर एकच ओळ न थकता फिरत असते आणि त्या फिरणाऱ्या ओळीच्या आधाराने तबला कायदे, रेले, गती उलगडत जातो. बेळगावात लेहऱ्याची किंमत जाणणारे लोक पुष्कळ आहेत. पंडित रामभाऊ विजापुरे यांची हार्मोनियम ज्यांनी ऐकली, त्यांना ‘तेच ते’ वाजवणे किती अवघड आणि किती जिवंत असू शकते हे निराळे सांगायला नको. फरक इतकाच की आपण लेहरा ऐकायचा म्हणून ऐकत नाही, आणि मूनडॉगने नेमका तोच पुढे आणून ठेवला.

हा विलाप १९६९ मध्ये कोलंबिया कंपनीने मोठ्या वाद्यवृंदासह काढलेल्या तबकडीत आला. कोलंबियाचे मुख्यालय सहाव्या ॲव्हेन्यूवर, ५२ क्रमांकाच्या रस्त्याला होते. ज्या कोपऱ्यावर हा माणूस वर्षानुवर्षे उभा राहिला तेथून हाकेच्या अंतरावर. तेवढे अंतर ओलांडायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. पुढे १९९९ मध्ये मिस्टर स्क्रफ या इंग्रज संगीतकाराने त्या मंद्र ओळीचा तुकडा उचलून नवी नृत्यरचना केली, ती एका मोटारीच्या जाहिरातीत गेली, आणि मूनडॉगचे नावही न ऐकलेल्या लक्षावधी लोकांच्या कानांत ती ओळ जाऊन बसली. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ती ऐकताच ओळखली. कुठे ऐकली हे मात्र त्याला सांगता येईना.

प्रभावाचा खरा धागा मात्र जाहिरातीतून जात नाही, तो फिलिप ग्लास आणि स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारांतून जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मूनडॉग काही काळ, सुमारे वर्षभर, ग्लास यांच्या घरी राहिला. ग्लास, राइश आणि जॉन गिबसन हे त्याच्याबरोबर बसून त्याच्या रचना गात, आणि राइश यांनी त्या बैठकींचे ध्वनिमुद्रण केले. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत आमच्यासमोर जे ठेवले गेले त्यापेक्षा मूनडॉगचे काम आम्हाला अधिक उमगत होते, अशा आशयाचे ग्लास यांनी पुढे लिहिले. याच ग्लास यांनी त्याआधी, १९६५-६६ च्या सुमारास, पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांच्या चित्रपटसंगीताची स्वरलिपी करताना उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचा हिशेब समजून घेतला होता. म्हणजे दोन आणि तीनच्या गटांतून लांबच लांब चक्रे बांधण्याची गोष्ट त्यांना एकदा आपल्याकडून मिळाली, आणि न्यूयॉर्कला परतल्यावर तीच गोष्ट, निराळ्या वाटेने आलेली, शिंगे घातलेल्या एका माणसाकडे भेटली. ग्लास यांचे आजचे कुठलेही चित्रपटसंगीत लावा आणि दोनांचे व तीनांचे गट बोटांवर मोजा, हिशेब लागतो.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. मोजक्या स्वरांचे नमुने पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या संगीतप्रवाहाला मिनिमलिझम म्हणतात; मूनडॉगला ‘मिनिमलिझमचा जनक’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. ला माँट यंग आणि टेरी रायली हे कॅलिफोर्नियातून आलेले संगीतकार आपल्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले होते. रायली यांची ‘इन सी’ ही रचना १९६४ ची. पुढे हे दोघेही किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, म्हणजे आमच्या शेजारच्या धारवाड-हुबळीत जे घराणे सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्या गळ्यांतून वाढले, त्याच घराण्याच्या दुसऱ्या फांदीशी ते जोडले गेले. स्वतः मूनडॉगनेही ते जनकत्व नाकारले. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांनी उचलण्याच्या रचनेत, हेच चालले होते, यात नवे काय, असे त्याचे म्हणणे होते. लयीच्या बाबतीत तो स्वतःला पुढचा मानी, पण स्वरसंगतीत आपण जुन्या वळणाचे आहोत असे अभिमानाने सांगे. प्रतिस्वराचे नियम तो इतक्या काटेकोरपणे पाळी की प्रत्यक्ष बाखच्या रचनांतही त्याने नियमभंग शोधून काढले होते. रस्त्यावर असे कपडे घालून उभा राहणारा माणूस वहीत इतका सोवळा असेल, असे कोणाच्या मनात येणार!

त्याच्या छोट्या गायनरचना बहुतेक कॅनन पद्धतीच्या आहेत. एका गटाने ओळ सुरू करायची, ठराविक मात्रांनंतर दुसऱ्या गटाने तीच ओळ पहिल्यापासून उचलायची, मग तिसऱ्याने, आणि सगळे मिळून एकमेकांच्या अंगावर न पडता पुढे जायचे. १९७१ च्या तबकडीत अशा रचना त्याने आपल्या मुलीबरोबर गायल्या आहेत. मी हा प्रयोग वर्गात करून पाहिला. भूपातली एक साधी सरगम घेतली, कारण भूपात मध्यम-निषाद नसल्याने अर्ध्या स्वराचे अंतर कुठे येत नाही आणि कोणताही स्वर कोणत्याही स्वरावर आला तरी खटकत नाही. सतरंजीवर मुलांच्या तीन रांगा केल्या, केहरव्याच्या एका आवर्तनाच्या अंतराने एकेक रांग सोडली, आणि गाडी बरी चालली. मग तीच ओळ सात मात्रांत बसवली. पहिली रांग नेटाने गात राहिली, दुसरीही आली, आणि तिसरीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, आम्ही समेवर येतो तेव्हा ते मधेच असतात. मग खरी सम कुणाची?” मी तिला म्हटले, “तुझी तू धर, त्यांची त्यांच्याकडे राहू दे.” उत्तर वेळ मारून नेण्याचे होते हे मलाही कळत होते, पण मूनडॉगच्या संगीतात नेमके हेच घडते. प्रत्येक आवाजाला आपली सम असते, आणि सगळ्या समा एकाच चक्रात वेगवेगळ्या ठिकाणी नांदतात. राइश यांच्या रचनांत दोन वाद्ये तोच नमुना वाजवीत एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात, त्यामागे इतर पुष्कळ कारणे आहेत. तरी त्या बैठकींत बसून गायलेल्या कॅननची सवय त्यांना उपयोगी पडली नसेल असे मला वाटत नाही.

१९७४ मध्ये मूनडॉग जर्मनीत गेला आणि परतला नाही. न्यूयॉर्कात त्याचा कोपरा रिकामा दिसल्यावर तो वारला असावा असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात इलोना गोबेल या तरुण विद्यार्थिनीच्या कुटुंबाने त्याला ओअर-एर्केन्श्विक या गावी आपल्या घरी आसरा दिला होता. त्याच्या संगीताचे जे काही आज आपल्यापर्यंत आले आहे, त्यातला फार मोठा भाग या एका बाईच्या चिकाटीमुळे आला आहे. ब्रेल स्वरलिपीत रेषा आणि गोल नसतात. सहा ठिपक्यांच्या एका घरात स्वर आणि त्याची लांबी बसवायची असते, आणि पाटीवर टोच्याने ती टोचताना कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे जावे लागते. डोळस संगीतकाराला दहा वाद्यांचे स्वर एकाखाली एक उभे दिसतात, आणि कोण कोणावर आदळते हे नजरेने कळते. ब्रेलमध्ये लिहिणाऱ्याला ते उभे चित्र डोक्यात धरावे लागते. मूनडॉगने वाद्यवृंदाच्या रचना अशा लिहिल्या. इलोनाने त्या ठिपक्यांवरून डोळसांची स्वरलिपी केली, प्रकाशन उभे केले, कार्यक्रम लावले. १९८९ मध्ये ब्रुकलिनच्या एका महोत्सवात त्याला पुन्हा अमेरिकेत बोलावले गेले, तेव्हा छडी घेऊन समोर उभे राहण्यास त्याने नकार दिला आणि वादकांच्या कडेला बसून ढोलावर मात्रा देत त्याने वाद्यवृंद चालवला. ८ सप्टेंबर १९९९ रोजी म्युन्स्टर येथे त्याचे निधन झाले.

हे वाचताना आमच्या भागातला माणूस थोडा अस्वस्थ होतो. उघड्या मैदानातले संगीत मंचावर जाणे आम्हाला नवे नाही. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा मराठी रंगभूमीवर ज्या कानडी चाली पोहोचल्या, त्या इकडच्या ‘पारिजात’ हे कानडी लोकनाट्य खेळणाऱ्यांच्या आणि देवळापुढे गाणाऱ्यांच्या तोंडी होत्या. त्या चाली टिकल्या. गाणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मूनडॉगचे नाव राहिले, कारण त्याने प्रत्येक स्वर कागदावर टोचून ठेवला, नावासाठी कोर्टाची पायरी चढला, आणि शेवटी कागद वाचणारे माणूस त्याला मिळाले. चौंडक्याच्या बाबतीत यांतले काहीच झालेले नाही. ते वाजवणाऱ्यांच्या वाट्याला आलेले जिणे पाहता केवळ स्वरलिपीची हळहळ करणे मला संकोचाचे वाटते; तरीही हातात मोबाइल असलेल्या आपल्या मुलांनी सौंदत्तीला जाताना देवीच्या दर्शनाच्या रांगेबरोबर वाजवणाऱ्याची, त्याला विचारून आणि त्याचे नाव टिपून, पाचदहा मिनिटे ध्वनिमुद्रित केली, तर ते अगदीच वाया जाणार नाही.

मूनडॉगचे सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. त्याच्या द्विपदी कविता मला सुभाषितांच्या उसन्या आवाजातल्या वाटतात, आणि काही गायनरचना दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. नव्याने ऐकू पाहणाऱ्यांनी १९६९ ची कोलंबियाची तबकडी आधी घ्यावी. तिची लांबी अर्ध्या तासाच्या आसपासच आहे. त्यातली पहिली रचना पाच मात्रांची आहे, ती मांडीवर दोन-तीन असे हात ठेवीत ऐकावी. मग मागे जाऊन प्रेस्टीजच्या तबकड्या ऐकाव्यात, म्हणजे वाद्यवृंदाचा साज उतरल्यावर खाली उरणारा ट्रिंबा स्पष्ट होतो. शेवटी क्रोनोस क्वार्टेट आणि घोस्ट ट्रेन ऑर्केस्ट्रा यांनी २०२३ मध्ये काढलेला त्याच्या रचनांचा संच ऐकावा. तिथे आजचे गायक-वादक तेच चक्र आपापल्या पद्धतीने फिरवतात, आणि एक-दोन ठिकाणी, माझ्या कानाला तरी, ते मूळ मूनडॉगपेक्षा अधिक मोकळे फिरते. तबल्याच्या विद्यार्थ्यांनी त्यातल्या सातच्या रचनांवर रूपक धरून पाहावा, मात्र पहिल्या मात्रेवर खाली दाखवण्याची घाई करू नये. आधी दोन-चार आवर्तने नुसते ऐकून घ्यावे आणि सातचे गट ते लोक कुठे तोडतात ते पाहावे, कारण तीन-दोन-दोन हा आपला क्रम त्यांनी मानलेलाच असेल असे नाही.